कण्याचे त्यांचे, बिनकण्याचे माझे

परब सर नव्या माणसाशी हात मिळवत नाहीत. त्याला पाठ फिरवायला सांगतात आणि मानेच्या खालच्या हाडापासून कमरेपर्यंत एक बोट सावकाश फिरवतात. बोट खाली पोचलं की म्हणतात, "आहे, आहे. कणा आहे." मग त्यांचा चेहरा सैल पडतो, आणि ओळख झाली असं आपण समजायचं.

आम्ही बोरिवली पूर्वेच्या या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी मी जिन्यात गादीचं एक टोक धरून उभा होतो. दुसरं टोक टेम्पोवाल्याकडे. समोरचं दार उघडून पायजमा-बनियनमधले एक उंच, वाळके गृहस्थ बाहेर आले, माझ्या मागे जाऊन उभे राहिले आणि काही न बोलता त्यांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. माझ्या हातून गादी सुटली. टेम्पोवाला गादीसकट अर्धा जिना खाली गेला आणि तिथून त्याने हिंदीत जे म्हणायचं ते म्हटलं.

"घाबरलास," सर समाधानाने म्हणाले. "चांगलं आहे. म्हणजे आपलं जमेल."

त्यांना माणूस अचूक भेटला होता. मी घरी बसून मिक्सर, गिझर, कुकर यांच्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका मराठीत करतो. दिवसभर 'ओल्या हाताने स्पर्श करू नये', 'झाकण उघडताना चेहरा जवळ नेऊ नये' असलं लिहायचं. विकत घेणारा ही पानं वाचत नाही, पण लिहिणाऱ्याला ती वाचावीच लागतात. गिझरची पुस्तिका मराठीत केल्यापासून मी गार पाण्याने आंघोळ करतो. पण या सगळ्या भीतींच्या वर एक भीती आहे, ती लहानपणापासूनची. मला पालीची भीती वाटते. घाण वाटते, किळस येते वगैरे नाही. भीतीच वाटते. भिंतीवर पाल दिसली की माझे पाय जागच्या जागी राहतात आणि घशातून आवाज येत नाही.

सरांना पालीची भीती नाही. सापाची नाही, कुत्र्याची नाही, माकडांची नाही. आमच्या इमारतीची मागची भिंत संपली की थोड्या अंतरावर नॅशनल पार्कचं रान सुरू होतं, त्यामुळे बिबट्या अधूनमधून सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसून जातो. तो दिसला की आम्ही सगळे अंधार पडायच्या आत दारं लावून घेतो. सर मात्र गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि म्हणतात, "बिचारा आपल्याहून जास्त घाबरलाय."

हे शौर्य नव्हे. सरांचा एक सिद्धांत आहे. ते शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि पृष्ठवंशीय व अपृष्ठवंशीय प्राण्यांचा धडा त्यांनी आयुष्यभर शिकवला. पुस्तकात लिहिलंय की पहिल्यांना पाठीचा कणा असतो, दुसऱ्यांना नसतो. सरांचं पुस्तक तिथून पुढे सुरू होतं. "भीती वाटली की शिरशिरी कुठून जाते? कण्यातून. म्हणजे भीती राहते कुठे? कण्यात. आता ज्याला कणाच नाही, त्याला भीती ठेवायला जागा कुठेय? आणि ज्याला भीती नाही ना शिरीष, तो काहीही करू शकतो." हे शेवटचं वाक्य ते आवाज खाली आणून बोलतात आणि बोलताना मोरीच्या जाळीकडे बघतात.

कारण परब सरांना झुरळाची भीती वाटते. कोळ्याची वाटते, गांडुळाची वाटते, गोगलगाईची वाटते. गोमेचं तर ते नावही घेत नाहीत, 'ती पायवाली' म्हणतात. शाळेत गांडुळाचा धडा आला की ते फळ्यावर चित्र काढायचे आणि वर्गाच्या दारात जाऊन उभे राहायचे. उरलेला तास तिथून. तास संपल्यावर चित्र पुसायला एखाद्या पोराला सांगायचे, कारण पुसायचं म्हणजे जवळ जावं लागणार.

सर मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, बालपण परळच्या चाळीत, आणि घरात मासा नाही असा दिवस नाही. पण सर कोलंबी खात नाहीत, कुर्ल्या म्हणजे खेकडे खात नाहीत, तिसऱ्यांच्या शिंपल्यांकडे तर बघतही नाहीत. काटा असलेलाच मासा त्यांना चालतो. गोराईची कोळीण बाजारात त्यांच्यासाठी बांगडे वेगळ्या पाटीत काढून ठेवते. एकदा एक कोलंबी चुकून त्या पाटीत आली, तर सर पैसे देऊन रिकामी पिशवी घेऊन परत आले. "लग्न ठरवताना ही गोष्ट लपवली हो यांच्या घरच्यांनी," मंदाकाकी सांगायच्या. मंदाकाकी म्हणजे सरांच्या पत्नी. त्या कुर्ल्यांचं कालवण करायच्या आणि गॅलरीत सरांकडे पाठ करून एकट्या खायच्या.

कण्याच्या प्राण्यांवर सरांचा विश्वास किती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एका दुपारी मीटरच्या खोलीत धामण निघाली. लोक काठ्या घेऊन जमले. सरांनी सगळ्यांना बाजूला केलं, गटाराकडचं दार उघडलं आणि त्या धामणीपासून दोन हातांवर उकिडवे बसले. "घाबरलीय ती. वाट द्या, जाईल." बराच वेळ तसेच बसून होते. ती गेली. सर उठले, गुडघे झटकले, विजयी वीरासारखे जिना चढले आणि दारातच किंचाळले. पायपुसण्यावर एक झुरळ बसलं होतं. सर घाबरले की त्यांचं पुस्तकी मराठी गळून पडतं आणि मालवणी वर येते. "मंदा, इला गो, ता इला." काकी आतून हात पुसत आल्या, त्यांनी झुरळाची मिशी चिमटीत धरली आणि ते गॅलरीतून खाली सोडून दिलं. मग त्याच हाताने नवऱ्याच्या पाठीवर थोपटलं. सर त्याही अवस्थेत म्हणाले, "आधी हात धुव."

सोसायटीतला कुत्रा एकदा त्यांना चावला. त्याच्या बिस्किटावर सरांचा पाय पडला होता. मी त्यांना इंजेक्शनसाठी दवाखान्यात घेऊन गेलो. त्यांच्या पोटरीतून रक्त येत होतं, मी रिक्षात 'रेबीज' हा शब्द मनातल्या मनात घोकत होतो आणि सर मला समजावत होते. "राग नाही हा. भीती आहे. चावला म्हणजे घाबरला. जो घाबरत नाही तो कशाला चावेल, शिरीष?" दुसऱ्या दिवशी त्याच कुत्र्याला त्याच जागी त्यांनी बिस्किटं घातली.

काकी गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. आजार लांबला नाही. सर त्या दिवसांत रडले नाहीत, सगळं शिस्तीत केलं, आल्यागेल्याला पाणी विचारलं. कार्य झालं, नातेवाईक गेले, आणि संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात सर अनवाणी उभे होते.

"शिरीष, घरात झुरळ आहे."

मी चप्पल घेऊन गेलो. झुरळ देवघराच्या खाली होतं. मी ते मारलं, कागदात गुंडाळलं, बाहेर टाकलं. परत आलो तर सर जिन्यातच बसले होते, पायरीवर. मी शेजारी बसलो. मग मी त्यांना पालीचं सांगितलं. आजवर फक्त बायकोला माहीत असलेली गोष्ट मी त्यांना का सांगितली, माहीत नाही. त्यांना एकट्याला घाबरलेलं बघवेना, एवढंच.

सरांनी मान वर केली. "पाल? अरे, पालीला कणा आहे. शेपूट टाकून पळते ती, शेपूट. याहून घाबरट प्राणी दाखव मला." आणि तिथेच, पायरीवर, करार झाला. "कण्याचे माझे," सर म्हणाले, "बिनकण्याचे तुझे."

तेव्हापासून आमचं असं चालतं. त्यांचा मिस्ड कॉल आला की मी चप्पल घेऊन जायचं. माझा गेला की ते आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन येणार. पाल भिंतीवर असेल तिथे डबा हलकेच टेकवणार, पुठ्ठा सरकवणार आणि तिच्याशी बोलत बोलत गॅलरीकडे नेणार. "चल बाय, चल. कोणी काही करत नाही. हा बघ, हा तुझ्याहून भित्रा आहे." मी तोवर बाथरूमची कडी लावून आत. माझी बायको उज्ज्वला अंधेरीला नोकरी करते. संध्याकाळी घरी आली की विचारते, "आज कोण कोणाकडे ओरडलं?" तिचं म्हणणं, तुम्हा दोघांचा मिळून एक पुरता माणूस होतो.

हसण्यावारी चाललेल्या या गोष्टीत एक खरी भीती होती, आणि तिचं नाव सुप्रिया. सरांची एकुलती मुलगी. दिंडोशीला एका नव्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहते. फार चांगली मुलगी. दर आठवड्याला येते, डबे भरून आणते, औषधं तपासते. एका रविवारी तिने आपल्या किल्लीने दार उघडलं तर बाबा जेवणाच्या टेबलावर उभे. खाली फरशीवर एक कोळी. मी नेमका बाजारात गेलो होतो. सर किती वेळ तसे उभे होते ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, पण पाय सुजले होते.

सुप्रियाने कोळी झाडूने बाहेर घालवला आणि ती रडायलाच लागली. "बाबा, पडला असतात म्हणजे? कोणाला कळलं असतं? तुम्ही माझ्याकडे चला. तिथे मच्छरसुद्धा चढत नाही वर."

"मी कुठे घाबरतो?" टेबलावरून सर म्हणाले.

शेवटी असं ठरलं की एवढा पावसाळा बघायचा. पुन्हा बाबा असे दिसले तर सामान बांधायचं आणि दिंडोशी. सर ती गेल्यावर माझ्याकडे आले. "मला नाही जायचं तिकडे," ते म्हणाले. असं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "चांगलं घर आहे तिचं. पण मला नाही जायचं. तू फोन जवळ ठेव." मी फोन घेऊन आंघोळीला जायला लागलो.

पावसाळा आला आणि रानातून सगळं बिनकण्याचं जग आमच्या सोसायटीत राहायला आलं. तुम्ही इकडे राहत नसाल तर तुम्हाला आमच्या गोगलगायी माहीत नसतील. मुठीएवढ्या असतात. कुंपणाच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, वॉचमनच्या खुर्चीवर, जिकडेतिकडे. सकाळी भिंतीवर त्यांच्या चकचकीत वाटा दिसतात आणि त्या वाटा रोज थोड्या वर सरकलेल्या असतात. सर गॅलरीतून बघायचे आणि मला सांगायचे, "आज पहिल्या मजल्याच्या सज्ज्यापर्यंत आल्यात." आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मीठ मारायला मी तयार होतो, पण ते बघणंही त्यांना झेपलं नसतं. मग त्यांनी गमबूट घेतले आणि घरात घालून वावरायला लागले.

आणि नेमका तेव्हा माझा कणा गेला. ओल्या कपड्यांची बादली उचलायला वाकलो, कमरेत काहीतरी सरकलं आणि मी तसाच वाकलेला राहिलो. डॉक्टर म्हणाले, डिस्क सरकलीय, जमिनीवर पातळ गादी घालून उताणं पडून राहायचं, कुशीवरही वळायचं नाही. उज्ज्वलाने चार दिवस रजा काढली, मग तिला जावंच लागलं. दाराची एक किल्ली सरांकडे. दुपारी ते मला भात भरवायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या कमरेखाली हात घालून बोट फिरवलं. एका ठिकाणी बोट थांबलं. मी कळवळलो. "इथे," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, त्यांना माझ्यासाठीही भीती वाटत होती आणि स्वतःसाठीही. त्यांचा चप्पलवाला आडवा झाला होता आणि पावसाळा अजून अर्धा बाकी होता. त्यांनी स्वतःच्या घरातल्या सगळ्या मोऱ्यांच्या जाळ्यांवर पाट आणि वर पाण्याने भरलेले तांबे ठेवले. माझ्या मोरीवर पाट ठेवायचं मात्र त्यांना सुचलं नाही, आणि मला ते दिसत नव्हतं.

शुक्रवारची दुपार. संध्याकाळी सुप्रिया येणार होती. सर मला जेवू घालून पडायला गेले होते. बाहेर पाऊस, आत पंख्याचा आवाज. मी छताकडे बघत पडलो होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, मोरीच्या उंबऱ्यावरून काहीतरी खाली उतरतंय. लांब, तांबूस काळं. ते चालत नव्हतं, वाहत होतं. गोम. माझ्या वितीएवढी असेल. ती भिंतीच्या कडेने आली, थांबली, आणि माझ्या चादरीचं टोक तिला सापडलं.

लहानपणी सगळ्यांनी मला सांगितलं होतं की गोम कानात जाते. खरं खोटं देव जाणे, पण उताण्या पडलेल्या माणसाला दोन कान असतात आणि ते दोन्ही उघडे असतात. मी उठायचा प्रयत्न केला तर कमरेतून असा झटका आला की डोळ्यांपुढे पांढरं झालं. उज्ज्वला अंधेरीला. दार बंद. मी फोन उचलला आणि सरांना लावला. या वेळी मिस्ड कॉल दिला नाही, वाजू दिला.

"सर, ती पायवाली."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला.

"कुठे?"

"पायाशी. चादरीवर चढली."

पुन्हा श्वास. मी ऐकत होतो. मला वाटलं, फोन ठेवतील. ठेवला असता तर मी त्यांना बोल लावला नसता, कारण तिच्या जागी पाल असती आणि त्यांच्या जागी मी, तर मी काय केलं असतं ते मला नक्की माहीत आहे.

"येतो," सर म्हणाले.

आमच्या दोन दारांमध्ये फक्त जिन्याची जागा आहे. ती ओलांडायला त्यांना किती वेळ लागला सांगता येत नाही. तेवढ्यात गोम गुडघ्यापर्यंत आली, चादरीच्या सुरकुतीत शिरली, दिसेनाशी झाली आणि मग पोटावर निघाली. कुलपात किल्ली खडखडत होती. लागत नव्हती.

दार उघडलं. सर आत आले. गमबूट, अंगात रेनकोट, डोक्यावर टोपी. एका हातात आइस्क्रीमचा डबा, दुसऱ्यात पुठ्ठा. घामाने चेहरा न्हालेला. एरवी मी हसलो असतो. गोम माझ्या छातीवर होती आणि बनियनच्या गळ्याकडे निघाली होती. तिचे पाय मला मोजता आले असते.

"हलू नको," सर म्हणाले. मालवणी नव्हती, वर्गातला आवाज होता. "श्वास हळू."

डबा टेकवायला सपाट जागाच नव्हती. त्यांनी डबा खाली ठेवला, गुडघे टेकले आणि पुठ्ठा माझ्या गळ्याशी तिच्या वाटेत आडवा धरला. ती पुठ्ठ्यावर चढली. मी डोळे मिटणार एवढ्यात ती पुठ्ठ्याच्या कडेने सुसाट वळली आणि त्यांच्या उघड्या हातावर गेली.

सरांचं तोंड माझ्या तोंडाच्या बरोबर वर होतं. ते उघडलं, पण आवाज निघाला नाही. गोम त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी वळली आणि चावली. मला ते दिसलं. त्यांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. हात झटकला असता तर ती माझ्या तोंडावर पडली असती. त्यांनी हात झटकला नाही. तसाच, पुढे धरलेला, ताठ. गुडघ्यावरून उठले आणि एकेक पाऊल टाकत गॅलरीकडे निघाले. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, कापरा, बारीक. "चल बाय, चल. कोणी काही करत नाही."

ते परत आले तेव्हा त्यांचा अंगठा सुजायला लागला होता. माझ्या गादीशेजारी जमिनीवर बसले. तेच, पाय वर घेतल्याशिवाय कधी न बसणारे. बराच वेळ अंगठ्याकडे बघत होते. मी विचारलं, "सर, फार दुखतंय का?"

"चावली," ते म्हणाले.

"हो."

"शिरीष, ती चावली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखाद्या पोराने असा प्रश्न विचारावा की मास्तरला उत्तर येऊ नये, तसे ते दिसत होते. "कुंडीत सोडली तर मातीत तोंड खुपसून लपली. पाय आत ओढून घेतले सगळे. भियालली रे ती." मग म्हणाले, "एवढी वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं."

सुप्रिया आली तेव्हा दार उघडंच होतं. तिचे बाबा गमबूट आणि रेनकोट घालून आमच्या जमिनीवर बसलेले, डोळे लाल, हात मनगटापर्यंत सुजलेला. तिने काय समजायचं ते समजून पिशवी खाली टाकली आणि कपाळाला हात लावला. मी पडल्या पडल्या तिला सगळं सांगितलं. ती बाबांकडे बघत राहिली. "हातात धरलीत? तुम्ही?" डॉक्टरकडून परत आल्यावर तिने दिंडोशीचा विषय काढला नाही. जाताना मला म्हणाली, "दादा, आता राहू देत इथेच. त्यांना आता कशाची भीती?"

आणि भीती खरंच राहिली नाही. मी पडल्या पडल्या बातम्या ऐकायचो. सरांनी मोऱ्यांवरचे पाट काढले. सर चष्मा लावून गोगलगायी बघायला खाली गेले. बोट लावलं की ती शिंगं आत घेते, हे त्यांनी मला लहान मुलाच्या उत्साहाने येऊन सांगितलं. "सगळे घाबरतात रे. कणा असो नसो." मी बरा झालो, कमरेला पट्टा बांधून उठलो, कामाला लागलो. फोन जवळ असायचा. तो वाजायचा नाही. पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. मग हळूहळू भीती वाटायला लागली. समोरचं दार बंद असायचं आणि आतून रेडिओचा आवाजही येत नसायचा. मी माहितीपुस्तिकेत 'दीर्घकाळ वापर नसल्यास' असं लिहीत होतो आणि लक्ष त्या दाराकडे होतं.

मग एका संध्याकाळी मिस्ड कॉल आला. मी पट्ट्यासकट चप्पल घेऊन धावलो.

सर स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. शांत. समोर भिंतीवर, साखरेच्या डब्याच्या वर, एक झुरळ. मिशा हलवत होतं. सरांपासून हातभर अंतरावर. ओट्यावर चहाचे दोन कप, वर बश्या झाकलेल्या.

मी चप्पल उचलली.

"राहू दे," सर म्हणाले. "काही करत नाही ते. बस."

मी बसलो. चहा घेतला. झुरळ आपल्या वाटेने फडताळामागे गेलं. सर कपाकडे बघत म्हणाले, "मंदाला मी दिवसातून दहा वेळा हाक मारायचो. त्यातली निम्मी यांच्यापायी. ती गेली, तर तू यायचास. आता भीती गेली रे." त्यांनी कप खाली ठेवला. "आता कोणाला कशासाठी हाक मारायची?"

मी कप विसळला, चप्पल पायात घातली आणि दारापर्यंत गेलो. तिथे वळून म्हणालो, "सर, आमच्याकडे पाल आलीय. मोठी आहे. मघापासून मी घरात जात नव्हतो."

सर पटकन उठले. डबा घेतला, पुठ्ठा घेतला. आमच्या घरात त्यांनी ट्यूबलाइटच्या मागे पाहिलं, पडद्यांच्या मागे, कपाटाच्या वर, घड्याळ उचलून. स्टुलावर चढून माळ्यात बॅटरी मारली. मी सवयीने बाथरूमच्या दाराला धरून उभा. बराच वेळ शोधून ते खाली उतरले आणि माझ्याकडे बघत राहिले. पाल आलेली असली की माझा चेहरा कसा होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

माझ्या मागे येऊन त्यांनी पट्ट्यावरून, जपून, बोट फिरवलं.

"लपली असेल," सर म्हणाले. "घाबरट असते ती. उद्या परत येऊन बघतो."